भिवराईची घंटा

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून गाडीवाट नव्हती आणि पाणवठ्यावर माणसांच्या आधी वाघ पाणी पिऊन जायचा, तेव्हा जांभुळमाळावर भिवराई नावाची एक बाई राहायची. वाघजाईच्या देवळातली मोठी घंटा तेव्हाही होती, आणि आज आहे तेवढ्याच उंचीवर होती. भिवराई पहाटे शेतावर जाताना हात उंचावून ती वाजवायची आणि तिच्या घंटेवर अख्खं गाव उठायचं, असं म्हणतात.

पण भातलावणीत वाकून आणि मोळ्या वाहून बाईची पाठ हळूहळू गोल झाली. आधी मान पुढे आली, मग खांदे आले, मग चालताना तिला स्वतःच्या पायांच्या बोटांपलीकडे काही दिसेना. एके पहाटे तिनं हात वर केला, तो घंटेपर्यंत पोचलाच नाही.

त्या काळी गावाची एक रीत होती. ज्याचा हात घंटेला पोचत नाही तो ‘बसला’. मग घरच्यांनी त्याला कोपऱ्यात घोंगडी अंथरायची, मऊ पेज द्यायची, कामाला म्हणून हात लावू द्यायचा नाही. वाईट मनानं नव्हे हं, मायेनंच. पण बसलेलं माणूस असं वाळत जायचं, की त्याला न्हाणीपर्यंत न्यायलाही दोघं लागायची.

भिवराईची सून गोजरा भारी भित्री. भांडं वाजलं तरी दचकायची. सासू कुठं घसरली तर गाव आपल्याला काय म्हणेल, या धास्तीनं तिनं लगबगीनं घोंगडी अंथरली. भिवराईचा मुलगा म्हादू तिच्याहून मायाळू. तो लोहाराकडून लांब साखळीच करून घेऊन आला.

“आये, घंटाच खाली घेतो. तुला हात उचलायला नको.”

“आज घंटा खाली घेशील,” भिवराई म्हणाली. “उद्या उंबरा काढशील. परवा मला पाटीत घालून हिंडवशील. मग मी काय करू, माश्या मारू?”

गोष्ट गावापुढे गेली. शेवटी ठरलं, की जत्रेच्या दिवशी भिवराईनं उभ्यानं घंटा वाजवली तर घंटा आहे तिथंच राहील. नाही वाजली, तर साखळी लागेल आणि भिवराई मुकाट घोंगडीवर बसेल. गुरव म्हणाला, “भिवराई, देवीला नवस तरी बोल.”

“देवीला तिची कामं आहेत,” ती म्हणाली आणि घरी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून गोजराचा जीव टांगणीला लागला. सासू जोत्यावरून हात न टेकता उठायची, बसायची, परत उठायची. गुडघे करकरले की इकडे गोजरा हातातलं काम टाकून धावायची. मग सासू देवळाच्या खांबाला टाचा लावून उभी राहायची आणि पाठ टेकवायला बघायची. पाठ कसली टेकते, डोकं आपलं वीतभर पुढेच. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकामा तांब्या आणि अंगणात फेऱ्या. पेजेची वाटी तर तिनं सरळ परत केली.

“कुळथाचं पिठलं कर. वर दूध दे. माझे दात गेलेत गोजरा, भूक नाही गेली.”

“आत्याबाई, पडलात म्हंजे?”

“पडले तर उचल. पडायच्या आधीच उचलू नको.”

हे बघून गावातली बसलेली मंडळी कोपऱ्यातून खिदळायला लागली. शेजारचा तुकोजी म्हणाला, “ताठ होऊन जायचं कुठं भिवरे, सरणावर?”

“तिथंही सरळच जाईन. वाकड्या माणसाला लाकडं जास्त लागतात.”

पण तोही एक दिवस काठी टेकत अंगणात आला. मग दुसरा आला, तिसरी आली. काही महिन्यांनी तुकोजीची मान वर झाली, तेव्हा त्याला किती वर्षांनी बायकोचं तोंड समोरून दिसलं. “म्हातारी झालीस की गं,” तो म्हणाला, आणि बायकोनं त्याला आठवडाभर पिठलं दिलं नाही, असं म्हणतात.

जत्रा आली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हादू साखळी घेऊन तयार, आणि गोजरा सासूच्या मागे उभी. भिवराईनं काठी टाकली. पाठ पहिल्यासारखी झाली नव्हती, होणारही नव्हती, पण ती वर बघू शकत होती. तिनं हात उंचावला. बोटभर कमी पडला. ती डगमगली. गोजराचे हात झटकन पुढे आले.

“हात लावू नकोस,” भिवराई मागे न बघता म्हणाली. “पण हलूही नकोस.”

गोजरा थांबली. उघडे तळवे सासूच्या पाठीशी, मध्ये फक्त वारा. जन्मात पहिल्यांदा ती दचकली नाही. आणि मग भिवराई चवड्यांवर चढली. बांबूच्या बेटातला कळक तडकावा तसा तिच्या पाठीतून आवाज आला. तिची सावली लांबत लांबत दीपमाळेच्या टोकाला गेली, आणि घंटा वाजली. तो नाद खाली कोकणात ऐकू गेला, समुद्रातल्या होड्या वळून बघायला लागल्या, आणि दिवस मावळेपर्यंत तो विरला नाही, असं म्हणतात.

गुरवाचं घराणं अजून सांगतं, की त्या दिवशी देवीनं दया येऊन घंटा वाकवली. हे जांभुळमाळावर बोलून बघा. गाव तुम्हाला पाणी देईल, पण ऐकवल्याशिवाय सोडणार नाही: घंटा तसूभर हलली नव्हती, आमची म्हातारी वाढली होती.

मागे एक भला पाहुणा म्हणाला, घंटेला दोरी बांधून देतो. गावानं त्याला पोटभर जेवू घातलं आणि दोरी त्याच्या हातात परत दिली. ‘बसला’ असं तिथं आता कुणा माणसाला म्हणत नाहीत. दर जत्रेला पहिला मान म्हाताऱ्यांचा. काहींचा हात पोचतो, काहींचा नाही, आणि न पोचलेला पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत येतो. प्रत्येकाच्या मागे त्याच्या घरचं कुणीतरी उभं असतं, तळवे उघडे, पाठीपासून वाऱ्याइतकं दूर. ते हात पाठीला लागत नाहीत, आणि हलतही नाहीत.