मैनीचा फाटका कान

फार मागे, धनगर मेंढरं घेऊन माळामाळांनी हिंडत, तेव्हाची गोष्ट. वीटभट्टीवर साखळीला बांधलेला काजळ्या कुत्रा ठकूबाई धनगरणीने सोडवून आपल्या कळपात आणला. भट्टीवर जे कुत्रं जवळ येई, ते त्याची भाकर पळवायलाच. त्यामुळे दुसरं कुत्रं दिसलं रे दिसलं की काजळ्या आधी अंगावर धावून जाई.

ठकूबाईने घाई केली नाही. दोरीला धरून ती त्याला कळपामागून लांबून चालवी, रोज थोडं जवळ नेई. एका सकाळी कळपातली म्हातारी कुत्री मैनी जमीन हुंगत, तिरकी तिरकी चालत त्याच्याजवळ आली. काजळ्याने झेप घेतली आणि तिचा कान फाडला.

मैनी गुरगुरलीसुद्धा नाही. त्याच्याकडे पाठ करून तिथेच बसली.

“तू मला उलटून का नाही चावलीस?” काजळ्या पुटपुटला.

“माझ्यातली अर्धी भाकर तुला ठेवलीय, तेवढं सांगायला आले होते रे,” मैनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मैनी पुन्हा आली आणि त्याच्या शेजारून चालू लागली. फाटका कान तिने त्याच्याच बाजूला ठेवला होता.

दिवसभर काजळ्याची मान काही वर झाली नाही.