घागर तिरपी होईना

"पण इथं आहे काय, नाथबाबा?"

जेठूने शेवटी विचारलंच. गेले कितीतरी दिवस हा प्रश्न त्याच्या ओठांवर येऊन मागे फिरत होता.

नाथबाबा मठाच्या भिंतीच्या सावलीत बसून उंटाच्या केसांची दोरी वळत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"इथं म्हणजे कुठं?"

"या आपल्या मुलखात! वाळू, वाळू आणि वर पुन्हा वाळू. काल इथं होती ती टेकडी आज तिथं. विहीर खणावी तर पाताळात खारं पाणी, ढोरं तेवढी नाइलाजाने पितात. अख्ख्या परगण्यात नदी म्हणून एक, तीही वाटेतच जिरते. समुद्राचं तोंड पाहायचं तिच्या नशिबात नाही."

जेठू एकदा सुरू झाला की झाला. आणि हा काही परका माणूस नव्हे बरं का! पलीकडच्या टेकडीआडच्या झोपडीत जन्मलेला, बाबांच्या मांडीवर वाढलेला. सगळे ग्रंथ तोंडपाठ. बाबांना दुसरा शिष्य नव्हता, मठाची गादी उद्या त्याचीच होती. पण स्वारीने आपलं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

कारण मठात पाहुणे आले होते महंत विद्यागिरी. मोठ्या नदीकाठचा मोठा मठ त्यांचा. त्यांनी जेठूचं पाठांतर ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, तू इथं बाभळीच्या काट्यांना वेदांत सांगणार का? चल माझ्याबरोबर." ते वाक्य जेठूच्या मनात जे रुतलं ते निघेना.

बाबांनी दोरीला पीळ दिला.

"सकाळी माळढोक पाहिलास?"

"पाहिला."

"केवढा थोरला पक्षी! पंख आहेत, नदी कुठल्या दिशेला तेही त्याला ठाऊक. मग का नाही जात?"

"ते त्यालाच विचारा," जेठू फणकारला.

बाबा खदखदून हसले. पोराने तोडीस तोड उत्तर दिलं की म्हाताऱ्याला भारी आनंद व्हायचा.

"बरं, हे तरी सांग. ज्येष्ठात लू सुटते, वारा चटके देतो, गवताची काडी उरत नाही. तेव्हा कुठलं झाड पालवतं?"

जेठूला बोलायचं नव्हतं. पण उत्तर आपसूक बाहेर पडलं.

"खेजडी."

खेजडी म्हणजे आपली शमी. ऐन उन्हाच्या वणव्यात हिरवंगार होणारं झाड ते.

"पाऊस नसताना?"

"नसताना."

"कुणाच्या जिवावर रे?"

तेवढ्यात टेकडीवरून महंत आले, पाय भाजल्यामुळे नाचत नाचतच.

"काय हा तुमचा मुलूख, नाथबाबा! याला चूल म्हणावं, तर चुलीवर निदान भाकरी तरी भाजून मिळते!" ते मटकन खाली बसले. तळवे लालबुंद झाले होते. "जेठू, पायांवर घागरभर पाणी ओत बघू. आमच्याकडे पाहुण्याचे पाय धुतल्याशिवाय त्याला पाटावर बसवत नाहीत."

जेठूचा चेहरा शरमेने काळवंडला. एवढा मोठा माणूस दारी आला आणि आपण त्याचे पाय एकदाही धुतले नाहीत! त्याने बाबांकडे पाहिलं.

"ओत की," बाबा म्हणाले. "नदीकाठी जायचंय ना? आतापासून सवय झालेली बरी."

कोपऱ्यात घागर होती. एकच. ती कुठून भरून येते तेही ऐकून ठेवा. या वाळूच्या पोटात एका ठिकाणी खडूसारख्या दगडाचा थर आहे. पावसाचं मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथवर एक अरुंद कुई खणलेली आहे, माणूस उकिडवा बसेल एवढीच. तिच्यात रात्रभर थेंब थेंब पाझरतो, तेव्हा पहाटे एक घागर भरते. जेठू स्वतःच ती शेंदून आणायचा, समज आल्यापासून.

त्याने घागर उचलली. महंतांच्या पायांशी बसला. तिरपी केली.

पाण्याची एक बारीक धार पडली. वाळूने ती कधी गिळली, कळलंसुद्धा नाही.

जेठूचा हात सरळ झाला.

"हं, ओत ना," महंत म्हणाले.

त्याने पुन्हा तिरपी केली. पाणी काठाशी आलं, डुचमळलं... आणि हात पुन्हा सरळ. त्याला स्वतःचाच राग आला. त्याने दात आवळले, घागर छातीशी धरली, तिला खाली वाकवायला गेला. पण हात काही केल्या ऐकेना. कुणीतरी मनगट धरून ठेवावं तसं झालं होतं.

"काय झालं रे तुझ्या हाताला?"

"होत नाही, महाराज..." जेठू म्हणाला. "पिण्याचं आहे हो हे."

बाबांनी दोरी बाजूला ठेवली.

"जेठू, तुपाचं मडकं आण."

जेठूने घागर जागच्या जागी ठेवली, वर झाकणी घातली आणि तूप आणलं. आधी मूठमूठभर सावलीतली गार वाळू घेऊन त्याने महंतांचे पाय चोळून स्वच्छ केले. मग मडकं उपडं केलं. पिवळंधमक, रवाळ तूप भाजलेल्या तळव्यांवर भसाभस पडलं, बोटांमधून ओघळलं, खाली वाळूत गेलं.

"अरे, अरे!" महंत ओरडले. "वेडा आहेस का? एवढं तूप! आमच्याकडे एवढ्यात दहा पंगती उठतील!"

"उठू देत की," जेठू मान वर न करता म्हणाला. "आमच्या गाई सेवण गवत खातात, महाराज. असलं गवत नदीकाठी उगवत नाही. तुपाला काय तोटा? उद्या पुन्हा होईल."

बोलून झालं, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या कानांना ऐकू आलं. 'आमच्या गाई' म्हणाला होता तो. त्याची मान हळूहळू ताठ झाली. टेकडीच्या कडेवरून वाळू वाऱ्यावर उडत होती. तिच्याकडे तो जरा वेळ पाहत राहिला. ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि ते लपवावंसं त्याला वाटलं नाही.

महंत आपल्या चकचकीत पायांकडे बघत होते. आग शांत झाली होती.

"नाथबाबा," महंत अखेर म्हणाले, "आता तर मी याला घेतल्याशिवाय हलणार नाही."

जेठूने बाबांकडे पाहिलं. गाठोडं दाराशीच होतं.

"जाऊ, बाबा?"

सकाळपासूनच्या त्याच्या बोलण्यातला कडवटपणा आता या प्रश्नात नव्हता. बाबा असे हसले, जणू घरची लेक राजाच्या घरी द्यायची होती.

"न्या, महाराज. खुशाल न्या... तुमच्या नदीलाही एकदा कळू दे, पाणी कशाला म्हणतात ते."