बुलेटखालची वामकुक्षी

स्वतःची बुलेट स्वतः खोलणाऱ्या मृणालिनीबाई घरच्या गॅरेजसाठी मोटरसायकलची लिफ्ट घ्यायला सदाशिव पेठेत गेल्या. दुकानदार परचुऱ्यांनी सगळ्यात भारी लिफ्ट पुढे केली.

“हिला लॉकचा खटका नाही. तेलाचा दाब गेला तर गाडी अंगावर येईल,” बाई म्हणाल्या.

“आमची लिफ्ट खाली येत नसते! कळत नसेल तर घरच्या पुरुषाला पाठवा. एक वाजला, दुकान बंद!”

“झोपायला निघालात ना? मग माझी बुलेट हिच्यावर चढवते, आजची वामकुक्षी तिच्याखाली घ्या. चारला धडधाकट उठलात, तर हीच लिफ्ट नेते.”

परचुऱ्यांनी खटक्याची लिफ्ट काढून दिली.

बाई ताठ मानेनं घरी आल्या, बुलेट वर चढवली आणि तिच्याखाली खुशाल आडव्या झाल्या.