झोपलेलं मूल आणि ओढ्यावरचा बंधारा

एकदा एका ओढ्याकाठच्या गावात एका तरुण बाईनं मुलामुलींचं मंडळ उभं केलं. या मुलांनी पुढे गाव सांभाळावं, अशी तिची मनापासून इच्छा. तिला मार्ग दाखवणारे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे.

पावसाळा सरला. ओढा आटण्याआधी मातीच्या गोण्या रचून बंधारा घालायचं मंडळानं ठरवलं. गावातल्या मोठ्यांनी बजावलं, "टिकला तर ठीक. वाहून गेला, तर पोरींना पुन्हा धाडणार नाही." गोण्या भरायला सुरुवात झाली, तशी बाईला धीर धरवेना. कुणी गोणी उचलली, की तिचा आवाज आलाच: "अरे, तशी नको! थांब, मीच येते!" मुलं बिचारी गोणी हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहत. आपण जरा जास्तच बोलतो, हे तिलाही कळे. पण कळलं म्हणून गप्प बसता येतं थोडंच?

रचाईच्या दिवशी आबा काठावर आले. बाईचं तान्हं मूल झाडाच्या सावलीत झोळीत झोपलं होतं. आबांनी तिला खाली बसवलं, मूल अलगद उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे जागं होता कामा नये. आज तुला एवढंच काम."

"आबा, अहो, आजच तर..."

"हळू. उठेल."

पहिला थर बसला. दुसऱ्या थरात मंडळातल्या मल्हारीनं गोणीच्या थेट वर गोणी ठेवली, सांध्यावर सांधा. बाईला ती चूक तत्क्षणी दिसली. तिनं तोंड उघडलं, तसं मूल चुळबुळलं. तिनं शब्द गिळला आणि मुलाला थोपटत आबांकडे काकुळतीनं पाहिलं. आबा काटकीनं वहाणेचा चिखल खरवडत होते.

सांध्यांतून पाणी उसळू लागलं. मुलांनी सवयीनं काठाकडे पाहिलं. काठावरून काहीच आलं नाही.

"आता रं?" मल्हारी म्हणाला. "ताई तर बोलंनात."

कुणी म्हणे माती लिंपा, कुणी म्हणे वर अजून गोण्या टाका. तेवढ्यात द्वारकी पुढे झाली. मंडळात तिचा आवाज कुणी धड ऐकलेला नव्हता.

"वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या मधोमध बसवली तर? विटा रचत्यात तशी."

"म्हंजे हा थर उचलायचा पुन्हा? तू उचलणार?" मल्हारीनं विचारलं.

"एक टोक मी धरते, दुसरं तू धर. का भाकरी खाल्ली न्हाईस?"

सगळे हसले. थर निघाला, नव्यानं बसला. उन्हं कलली तेव्हा बंधाऱ्यामागे पाणी निवांत चढत होतं. मूल केव्हाच जागं होऊन बांगड्यांशी खेळत होतं; बाई मात्र उठली नव्हती.

"आबा," ती हलकेच म्हणाली, "तिला सुचलं नसतं तर?"

"तर मी बोललो असतो. तोंड मलाही आहे. आणि भीती तर तुझ्याइतकीच वाटत होती." आबा तिच्याजवळ टेकले. "पोरी, तुझी माया खोटी नाही. पण तुझी काळजी तू आधी त्यांच्या डोक्यावर देतेस. मग त्यांना ओढा दिसत नाही, तुझा चेहरा दिसतो. आज ती तू आपल्या मांडीवर ठेवलीस. तेवढ्या शांततेत द्वारकीला स्वतःचा आवाज ऐकू आला. काळजी सोडून दे, असं मी म्हणणार नाही. ते मलाही या वयापर्यंत जमलेलं नाही. फक्त ती आपली आपण वागवावी."

बाईनं मुलाची मूठ आपल्या बोटाभोवती मिटू दिली.

एवढ्यात चिखलानं माखलेली द्वारकी धावत वर आली. "ताई, जादा पाणी कुठनं काढायचं, ते आम्ही ठरवलंय."

बाईच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तिनं ते तिथंच थांबवलं, आणि सरकून द्वारकीला शेजारी जागा करून दिली.

"सांग," ती म्हणाली.