बर्फातली अनवाणी पावलं

फार पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी हिमतट नगरात राजा उदग्रसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या दरबारी शीलधर नावाचे अमात्य होते. राजा मनाचा वाईट नव्हता, पण राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. आणि सेनापती रणबाहू त्या आगीत तेल ओतायला नेहमीच हजर.

दरवर्षी पहिलं बर्फ पडलं की राजा लवाजमा घेऊन डोंगर चढायचा आणि खिंडीतल्या गिरिदेवीला मधाचा घडा अर्पण करायचा. पूजेआधी त्या मधाला कोणी तोंड लावलं तर देहदंड, असा जुना नियम होता. तिथल्या मेंढपाळांचीही एक रीत होती. देवीच्या उतारावर ते जोडे घालत नसत. गारठा कितीही असो, अनवाणीच चालत. राजाची माणसं मात्र जाड कातडी जोडे घालून वर येत. देवीला ते चालतं, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी पाहतात तो घडा फुटलेला, मध चाटूनपुसून फस्त. राहुटीपासून बर्फात अनवाणी पावलांची रांग गेलेली. आसपास लोमक नावाचा एकच मेंढपाळ होता. रणबाहूने त्याला दोरखंडाने बांधून आणलं.

"इथे अनवाणी फिरणारा दुसरा आहे कोण?" तो म्हणाला.

लोमकच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, माझी बायको पोटुशी आहे. देवीच्या मधाला मी हात लावीन का?"

राजाने ऐकून घेतलं नाही. दिवस मावळायच्या आत याला कड्यावरून लोटा, अशी आज्ञा करून तो मोकळा झाला.

शीलधर मात्र त्या पावलांपाशी उकिडवे बसले होते. उन्हाने ठशांच्या कडा वितळून पसरल्या होत्या. असा ठसा कुणाचाही वाटू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. लोमकला ते लहानपणापासून ओळखत नव्हते, त्याच्या चांगुलपणाची खात्री त्यांना देता आली नसती. पण बर्फ खोटं बोलत नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

"महाराज, ही पावलं लोमकची नसावीत. सावलीतली पावलं पाहू. माझं चुकलं तर लोमकबरोबर मलाही लोटा."

राजा चपापला. अमात्य उगाच जीव पणाला लावणाऱ्यांतले नव्हते. सगळे देवदारांच्या दाट सावलीत गेले. तिथे ऊन पोहोचलं नव्हतं, ठसे जसेच्या तसे होते. शीलधरांनी लोमकचे दोर सोडवले आणि त्याला एका डाव्या ठशाशेजारी डावं पाऊल टेकायला सांगितलं.

"माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो. इथे सगळ्यांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला आहे. आणि बोटांच्या पुढे ही टोचलेली भोकं पाहा. ती नखं आहेत. हे अस्वल आहे, महाराज. त्याचं मागचं पाऊल माणसासारखंच उमटतं."

लोमक तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. राजा खूश झाला. "शाब्बास, अमात्य. रणबाहू, कुत्री सोडा. अस्वलाला मारा, आणि त्याचं कातडं अमात्यांना द्या."

इथे गप्प बसणं किती सोपं होतं. माणूस वाचला होता, बक्षीस मिळत होतं, राजाची मर्जीही वाढली होती. पण शीलधरांना ते कातडं नको होतं, आणि न्याय अर्धाच झालाय हे त्यांना डाचत होतं.

"अस्वल कुठे गेलं ते नंतर पाहू," ते म्हणाले. "पहिलं बर्फ पडलं की ते गुहेत शिरून झोपतं. ते उठून आलं कशाला, ते आधी पाहू."

पावलांचा माग उलटा धरून ते चालू लागले. वर एक गुहा होती. तिच्या तोंडाशी बर्फ तुडवलेलं होतं. नगारे टेकवल्याचे मोठे गोल ठसे होते, विझलेल्या शेकोटीची राख होती आणि भोवताली जोड्यांचे ठसे होते. त्यांतल्या एका जोडीच्या तळव्यावर कमळ होतं. कमळाचे जोडे साऱ्या राज्यात एकच माणूस घालत असे.

आदल्या दिवशी डोंगराचा प्रतिध्वनी ऐकायची हौस म्हणून राजाने इथेच नगारे बडवले होते, आणि त्या आवाजाने अस्वलाची झोप मोडली होती. रणबाहू बर्फाकडे पाहायचं सोडून आभाळाकडे पाहू लागला.

"हे कोणाचे, ते सांगायला मी नको," शीलधर म्हणाले.

राजाने आपल्या जोड्याचा तळवा उलटून पाहिला. त्याला शरम वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. "नियमाप्रमाणे कड्यावरून मलाच लोटायला हवं," तो म्हणाला.

"नको, महाराज. त्यापेक्षा तो नियमच लोटून द्या."

राजाने तसंच केलं. कुत्री बांधली गेली, लोमक दिवस मावळायच्या आत घरी पोहोचला, आणि झोपमोड झालेलं अस्वल पुन्हा गुहेत आलं तेव्हा डोंगरावर कोणीही नव्हतं.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा रणबाहू म्हणजे आज सकाळी चौकशी न करता दुसऱ्यावर आपलं भिक्षापात्र चोरल्याचा आळ घेणारा भिक्षू तिंदुक. लोमक म्हणजे ज्याच्यावर आळ आला तो वारण. राजा म्हणजे ज्येष्ठ भिक्षू स्थविर पुण्णिल. आज आळ ऐकताच ते आधी स्वतःच्या आसनापाशी शोधायला गेले, आणि पात्र तिथेच, त्यांच्याच चुकीने राहिलेलं सापडलं. शीलधर मीच होतो. माग जिथे सोयीचा वाटतो तिथे न थांबता शेवटापर्यंत जाणं आणि शेवटी जो सापडेल त्याच्यावरही दया करणं, याला प्रज्ञा म्हणतात."

तिंदुक उठला आणि वारणाच्या पायाशी जाऊन बसला.