माइकची काठी

शर्वाणी केळुसकर, तिचा कॅमेरामन नवरा आणि आवाजाचं बघणारा हणमंत, एवढ्या तिघांची कंपनी टीव्हीसाठी शाळांवर माहितीपट काढायची. एकदा ते तात्यासाहेब बोकिलांच्या शाळेत पोहोचले. तात्यासाहेब संस्थेचे अध्यक्ष, चॅनेलमध्येही त्यांची मोठी वट. वर्गातच खुर्ची मांडून त्यांनी कॅमेऱ्यासमोर तोंडाचा पट्टा सोडला.

“आमच्याकडे छडी नावाची वस्तूच नाही! आणि शिस्त म्हणाल, तर शिकवल्याशिवाय आमचं एक पोर बोटसुद्धा हलवत नाही.”

“वा! आता मुलांशी बोलू,” शर्वाणी म्हणाली. मुलांचा आवाज टिपायला हणमंतने माइकची लांब काठी उचलली.

त्याबरोबर अख्ख्या वर्गाने डोळे घट्ट मिटून तळहात पुढे केले.

काठी हणमंतच्या हातात तशीच वर राहिली. ती खाली घ्यायचंही त्याला सुचेना.

तात्यासाहेब ताडकन उठले. “कापा हे! कार्टी चेष्टा करतायत. टीव्हीवर दिसलं, तर तुमची कंपनी बंद पाडीन!”

संपलं सगळं, हणमंतला वाटलं. शर्वाणीचा आवाज मात्र जराही चढला नाही.

“कापू कसं, साहेब? शिकवल्याशिवाय तुमचं पोर बोटसुद्धा हलवत नाही, हे तुम्हीच आत्ता कॅमेऱ्यासमोर बोललात. इथे तर सगळ्या वर्गाचे हात हलले. शिकवणाऱ्याचं नाव आम्ही माहितीपटात आवर्जून देतो. हे कोणी शिकवलं, तेवढं सांगा.”

तात्यासाहेब हळूच खुर्चीत बसले. वर्गातले डोळे एकेक करून उघडले आणि त्यांच्याकडेच वळले.

कॅमेरा चालूच होता.