उसनी मजुरी

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका गावात बाळोजी नावाचा सुतार राहत होता. त्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकही नव्हता. बाळोजी नांगर करायचा, गाड्या करायचा, कुणाकडे मूल झालं की पाळणा करून द्यायचा. पण एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि गावाभोवतीचं सगळं रान जळून गेलं. तासायला लाकूडच उरलं नाही. तेव्हा त्याच्या कानावर आलं, की घाटाखाली बंदरावर राजा गलबतं बांधून घेतोय आणि सुतारांना रोख मजुरी मिळते.

त्याची बायको सगुणा घाटाच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिच्या कडेवर त्यांची मुलगी जनी होती, नुकती पाऊल टाकायला लागलेली. बाळोजी म्हणाला, "रान पुन्हा उभं राहीपर्यंत पुरेल एवढं मिळालं, की आलोच." आणि तो घाट उतरला.

बंदरावर काम भरपूर होतं. राजाचा नियम असा, की मजुरीतला दहावा हिस्सा कर म्हणून खजिन्यात जायचा. पण सुतारांना कामावर लावणारा एक मुकादम होता, त्याची रीत वेगळी होती. तो मजुरी देतच नसे. दर महिन्याला तो सुतारांना पैसे उसने देई आणि कागदावर अंगठा घेई. उसन्या पैशावर कर नसतो, आणि हे पैसे परत कुणी मागायचं नाही, असं तो सांगे. त्याबद्दल स्वतःसाठी थोडेसे कापून घेई.

बाळोजीला ते कसंसंच वाटलं. त्यानं विचारलं, "उसने घेतले तर मग माझी मजुरी कुठं गेली?"

मुकादमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरी कोण आहे तुझ्या?" त्यानं विचारलं. बाळोजीनं सांगितलं. "मग कर वाचला की तेवढे दिवस लवकर घरी जाशील," मुकादम म्हणाला.

हे बोलणं नेमकं दुखऱ्या जागी लागलं. बाळोजीनं पुढं काही विचारलं नाही. अंगठा दिला.

दिवस गेले, वर्षं गेली. बाळोजीनं फळ्या तासल्या, फटींत काथ्या ठोकला, डोलकाठ्या उभ्या केल्या. गलबत तयार झालं की पाण्यात ढकलायचं आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचं. आपण बांधलेलं सगळं कुठं कुठं जातं आणि आपण मात्र इथंच, असं त्याला वाटे. डोंगराकडे मीठ नेणारे व्यापारी बैल घेऊन बंदरावर येत. त्यांच्या हाती तो घरी पैसे पाठवी आणि त्यांच्याकडूनच घरची खबर घेई. जनी बोलायला लागली. जनी पेरूच्या झाडावर चढते. जनीचा पुढचा दात पडला. परक्या माणसांच्या तोंडून आपली मुलगी मोठी होताना तो ऐकत होता. बैलांच्या पायांना घाटातली तांबडी माती लागलेली असे. ती नुसती पाहूनही त्याला बरं वाटे.

अखेर सगुणेचा निरोप आला, की रान पुन्हा वाढलंय, झाडं छपराच्या वर गेलीत, आता या. बाळोजीनं त्याच दिवशी हत्यारं बांधली. पण बंदराच्या नाक्यावर शिपायांनी त्याला अडवलं.

खजिन्याचं नवं फर्मान निघालं होतं. जे पैसे कधी परत करायचेच नव्हते ते उसने नव्हेत, ती मजुरीच होती. सबब सुतारांनी आजवरचा सगळा कर एकदम भरावा आणि मगच बंदर सोडावं. बाळोजी मुकादमाकडे धावला. मुकादमाच्या घराला कुलूप होतं. तो कधीच गलबतात बसून परमुलखात निघून गेला होता. जाताना अंगठ्यांचे सगळे कागद त्यानं एका सावकाराला विकले होते. आणि सावकार म्हणत होता, कागदावर उसने लिहिलंय, तेव्हा माझे पैसे परत करा.

म्हणजे मजुरी म्हणावं तर राजा कर मागणार आणि उसने म्हणावं तर सावकार सगळंच मागणार.

शेवटी खजिन्याच्या कारभाऱ्यानं सुनावणी ठेवली; जो सुतार जे कबूल करील, त्यावरून त्याचा निकाल लागायचा होता. आदल्या दिवशी सावकार सुतारांच्या खोपटांपाशी आला. गोड बोलला. म्हणाला, कारभाऱ्यापुढं उसनेच होते असं सांगा, कर लागणार नाही, शिपाई सोडतील. माझी घाई नाही, वर्षाला थोडंथोडं देत राहा, उद्याच घरी जा. बरेचसे सुतार तयार झाले. बाळोजीच्या शेजारी काम करणारा शिवबा त्याला म्हणाला, "विचार कसला करतोस? उद्या संध्याकाळी घाटात असू आपण."

बाळोजीच्या डोळ्यांपुढं तो घाट आला. वरच्या वळणावरून दिसणारी घरं आली. त्याला वाटलं, एक शब्द तर बोलायचाय.

दुसऱ्या दिवशी खजिन्याच्या कारभाऱ्यानं एकेकाला पुढं बोलावलं. शिवबा म्हणाला, उसने होते. त्याच्या मागचा म्हणाला, उसने होते. मग बाळोजीची पाळी आली.

"सरकार, ती मजुरी होती," तो म्हणाला. "उसने घेणारा माणूस त्यासाठी दिवसभर फळ्या तासत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. घरी लवकर जायचं होतं, म्हणून न कळल्यासारखं केलं."

कारभाऱ्यानं सावकाराकडून बाळोजीच्या अंगठ्याचे कागद मागून घेतले आणि फाडून टाकले. मजुरी कुणी परत मागू शकत नाही, असं त्यानं सावकाराला सुनावलं. इतकी वर्षं खजिन्यानंही डोळे मिटून घेतले होते, म्हणून दंड त्यानं माफ केला. पण कर माफ करायचा त्याला अधिकार नव्हता.

बाळोजीनं विचारलं, "आणि ज्यानं आम्हाला हे करायला लावलं, तो?"

"तो सापडला तर त्याच्याकडूनही घेऊ," कारभारी म्हणाला. "आज तू सापडला आहेस."

बाळोजीजवळची पुंजी खजिन्यात गेली. ती पुरली नाही. उरलेला कर फिटेपर्यंत त्यानं राजाच्या गोदीत काम करायचं ठरलं. त्या संध्याकाळी शिवबा आणि बाकीचे सुतार घाट चढून जाताना त्यानं पाहिले. ते लहान लहान होत वरच्या झाडीत शिरले. बाळोजी बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला आणि मग कामावर गेला.

सगुणेला त्यानं निरोप धाडला, की आलो असतो, पण अजून येता येत नाही. त्यावर तिचं उत्तर आलं नाही. ते न आलेलं उत्तर मनात घेऊन त्यानं आणखी दोन गलबतं बांधली. दुसरं पाण्यात उतरलं तेव्हा कारभाऱ्यानं त्याला बोलावून सांगितलं, की कर फिटला, आता जा.

घाट चढताना वाटेत शिवबाचं गाव लागलं. बाळोजी पाणी प्यायला थांबला. शिवबाच्या ओसरीवर सावकाराचा माणूस ठाण मांडून बसला होता आणि शिवबा त्याच्यापुढं हात जोडून उभा होता. बाळोजीला पाहून त्यानं मान खाली घातली. बाळोजी पाणी पिऊन वाटेला लागला.

तो घरी पोचला तेव्हा अंगणात एक मुलगी धान्य पाखडत होती. तिनं विचारलं, कोण पाहिजे? सगुणा दारात आली. तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

बाळोजी परक्यासारखा ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळानं जनी तांब्या घेऊन आली. तो त्याच्यापुढं ठेवून ती दूर उभी राहिली.

"परत जाणार का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तुम्हाला न्यायला कुणी येईल का?"

"कुणी येणार नाही," बाळोजी म्हणाला. "कुणाचं काही राहिलेलं नाही."

जनीनं थोडा विचार केला. मग ती येऊन ओट्यावर, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: घरी लवकर पोचायच्या घाईत मजुरीला उसने म्हणू नये. खरं सांगून उशिरा पोचलेल्याची वर्षं परत मिळत नाहीत, पण तो पोचतो तेव्हा पुरता पोचतो.